ज्येष्ठात उरलेले

भात कापून खळ्यावर आलं की इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात दर वर्षी एक वाक्य कानावर पडतं: "औंदा उंदरांनी लई नास केला." मग कारणं निघतात. साप राहिले नाहीत, घुबडं राहिली नाहीत, शेजाऱ्यानं बांध साफ केला नाही, जंगल तुटलं म्हणून रानातले उंदीर खाली उतरले. यातलं एकही कारण अगदीच खोटं नाही. फक्त ती ज्या महिन्यात सुचतात तो महिना चुकीचा आहे. कार्तिकात दिसणारे उंदीर दोन गोष्टींवर ठरलेले असतात. ज्येष्ठात, पहिला पाऊस पडायच्या वेळी, किती माद्या जिवंत होत्या ही एक. आणि त्यानंतर रान किती आठवडे हिरवं राहिलं ही दुसरी. साप, घुबड, वणवा, बांबूचा फुलोरा ही सगळी मंडळी या दोनपैकी एका दारातूनच आत येतात.

हे बघायला नाशिक जिल्ह्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, नाशिक शहरात सातशेच्या आसपास आणि येवला-नांदगावकडे पाचशेच्या घरात. सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या प्रवासात दाट रान, मग सागाचं विरळ जंगल, मग काटेरी माळ. उंदरांच्या जातीही याच उतरणीवर बदलत जातात. पूर्वेच्या कोरड्या माळावर जर्बिल: मागचे पाय लांब, शेपटीच्या टोकाला काळा झुबका, उजेड पडला की टुणटुण उड्या मारत पसार. काळ्या जमिनीत मऊ केसांचा शेतउंदीर. त्याला बीळ खणायचेही कष्ट नकोत, उन्हाळ्यात जमिनीला पडलेल्या भेगाच त्याचं घर. मुरमाड उतारावर काटेरी केसांचा छोटा उंदीर, जो बिळाच्या तोंडाशी बारीक खडे रचून ठेवतो. बांबूच्या बेटांत आणि झुडपांत लांब शेपटीचा झाडउंदीर, वजनानं जेमतेम दहा ग्रॅम. त्याच्या पायाची पहिली आणि शेवटची बोटं अशी आहेत की तो बारीक फांदी मुठीत धरल्यासारखी धरतो, आणि त्या बोटांवर नखर नसून चपटं नख असतं. शेताच्या बांधाला घुशीची धाकटी जात. तिच्या बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग असतो आणि आत धान्याचं कोठार.

चिचुंद्री मात्र या यादीत नाही. ती उंदीरच नव्हे, किडे खाणाऱ्यांच्या वेगळ्याच कुळातली. जुन्या वाड्याच्या माळ्यावर किंवा पडक्या गढीत गव्हाणी घुबडाचा मुक्काम असेल तर खाली पडलेल्या, घुबडानं ओकलेल्या केस-हाडांच्या राखाडी गोळ्यांपैकी एखादी कोमट पाण्यात भिजवावी. हातमोजे घालून, चिमट्यानं केस बाजूला केले की कवट्या सुट्या होतात. पुढचे दोन दात पिवळे-नारिंगी, त्यांच्यामागे मोकळी जागा आणि मग दाढा असतील तर उंदीर. पांढरे टोकदार दात मध्ये जागा न सोडता रांगेनं असतील तर चिचुंद्री. घुबड रात्रभर रान हिंडून जे गोळा करतं ते सापळे लावणाऱ्याला आठवड्यात मिळत नाही. हा एवढा एक धंदा शिकला तरी परिसरात कोणते उंदीर आहेत याचा बराच अंदाज येतो.

आता हिशेब. रानउंदराची गर्भावस्था साधारण तीन आठवड्यांची, पिल्लं दूध सोडायला आणखी तीन आठवडे, म्हणजे चांगल्या दिवसांत मादी दर दीड महिन्याला वीत जाते. पिल्लू वयात यायला सुमारे तीन महिने धरू. जातीप्रमाणे हे आकडे खालीवर होतात, पण गणिताचा आकार तोच राहतो. समजा ज्येष्ठात दहा माद्या उरल्या. पाऊस स्थिरावला, गवताचं कोवळं बी आणि किडे मिळू लागले, की जुलैच्या शेवटी पहिली वीण, सप्टेंबरच्या सुरुवातीला दुसरी, ऑक्टोबरच्या मध्यावर तिसरी. एका विणीला सहा पिल्लं धरली तर १८० जन्म. नोव्हेंबरच्या मध्यावर रान वाळलं तर कारभार तिथेच थांबतो.

पण समजा नोव्हेंबरात अवकाळी झाला आणि हिरवळ आणखी महिनाभर टिकली. दहा आयांची चौथी वीण झाली, ते ६०. खरी गंमत पुढे आहे. जुलैच्या साठ पिल्लांत तीस माद्या होत्या. त्यातल्या निम्म्या मेल्या असं धरलं तरी पंधरा ऑक्टोबरअखेर वयात आल्या आणि नोव्हेंबरात व्याल्या, ते ९०. म्हणजे १८० चे ३३० झाले. एक महिना वाढला आणि जन्म पावणेदोनपटीच्याही वर गेले, कारण त्या महिन्यात आई आणि लेक दोघी एकाच वेळी पिल्लं देतात. पुढच्या महिन्यात सप्टेंबरच्या लेकीही त्यात येतात. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात जिल्ह्यात अवकाळी आणि गारपीट झाली तेव्हा बोलणं सगळं द्राक्षाचं आणि कांद्याचं होतं, आणि ते रास्तच होतं. पण अशा पावसानं गवताला ओल मिळते तेव्हा बिळात काय चाललेलं असतं हे कुणी पंचनाम्यात लिहीत नाही.

यावरून कुणाला वाटेल, जितका पाऊस जास्त तितके उंदीर जास्त. तसं नाही. एका दिवसात दीड-दोनशे मिलिमीटर कोसळला की सपाट खाचरातली बिळं भरतात आणि डोळे न उघडलेली पिल्लं बुडून मरतात. वीण वाया जाते. काळ्या जमिनीत तर पहिल्या जोराच्या पावसानं भेगा मिटतात, आतला उंदीर उघड्यावर येतो किंवा आतच गाडला जातो. मुरमाच्या उतारावर पाणी निथळून जातं, तिथे नुकसान कमी. म्हणून एकाच पावसाळ्यात उतारावरचे उंदीर वाढतात आणि खाचरातले घटतात, आणि दोन्ही गावं आपापलं म्हणणं शपथेवर सांगतात. एकूण मिलिमीटरपेक्षा पाऊस कसा वाटला गेला, कुठे पडला आणि किती लांबला हे बघायला हवं.

दुसरं दार उन्हाळ्याचं, म्हणजे ज्येष्ठापर्यंत किती माद्या उरतात याचं. पौष-माघापासून जन्म जवळपास थांबतात आणि मग फक्त वजाबाकी उरते. डिसेंबरात ३०० उंदीर होते असं धरा. दर महिन्याला शंभरातले ऐंशी जगले तर सहा महिन्यांनी ७८-७९ उरतात. सत्तर जगले तर ३५. महिन्याला दहांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण ज्येष्ठात माद्या निम्म्याहून कमी होतात आणि पुढचं सगळं गणित त्या निम्म्यावर उभं राहतं.

त्या दहांमध्ये कोण बसतं? भूक तर आहेच. गवताचं बी संपलेलं, ओल नाही, किडे नाहीत. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पडतात, पण ती वेचायला माणूस, अस्वल असेल तिथे अस्वल, हरणं, रानडुक्कर, सगळेच येतात. उंदराच्या वाट्याला उष्टं-खरकटं. मग येतो वणवा. पेठ, हरसूल, त्र्यंबकच्या डोंगरांवर फाल्गुन-चैत्रात रात्रीच्या आगीच्या माळा दिसतात. आगीत उंदीर भाजून मरत असतील असा समज आहे. गवताची आग झपाट्यानं पुढे सरकते. माती चांगली रोधक असते आणि वीतभर खाली बिळात फारसा ताप पोचत नाही. झाडउंदराचं घरटं जळतं, बिळातला बहुधा वाचतो. त्याची खरी पंचाईत दुसऱ्या रात्री होते. आडोसा गेलेला, काळ्या राखेवर हललेली प्रत्येक वस्तू दिसते आणि घुबडाला ताट वाढून ठेवल्यासारखं होतं. शिवाय जमिनीवर पडलेलं बी जळालेलं. भाताची रोपं करायच्या जागी पालापाचोळा जाळण्याचा, म्हणजे राब भाजण्याचा परिणामही याच जातीचा, पण तो तुकड्यापुरता. आजूबाजूला आडोसा शिल्लक असतो.

उलट, घाणेरी माजलेलं जंगल उंदराला उन्हाळाभर छत देतं. तिच्या काटेरी जाळीखाली कोल्हा शिरत नाही, शिकऱ्याला झेप घेता येत नाही. सागाच्या लागवडीत खाली फारसं काही उगवत नाही म्हणून उंदीर कमी, आणि तिथेच घाणेरी शिरली की चित्र पालटतं. माझ्या मते "जंगल तुटलं म्हणून उंदीर वाढले" या वाक्यापेक्षा "जंगलाचा खालचा मजला बदलला म्हणून उंदीर बदलले" हे वाक्य जास्त खरं आहे. नुसती संख्या बदलत नाही, जात बदलते. झाडावरचे जातात, बांधावरचे येतात.

साप आणि घुबडांचं काय, हा प्रश्न येणारच. धामण, नाग, घोणस, मुंगूस, उदमांजर, रानमांजर, कापशी घार, पिंगळा, गव्हाणी घुबड. खाणाऱ्यांची वाण नाही. पण धामण वर्षातून एकदा अंडी घालते, आणि पिल्लं मोठी व्हायला वर्षं जातात. उंदीर दीड महिन्यात वितो. भराच्या हंगामात भक्षक उंदराच्या मागे धावूच शकत नाही. तो गाठतो ते हंगाम संपल्यावर, जन्म थांबलेल्या महिन्यांत. म्हणजे साप-घुबडांचं काम कार्तिकात पीक वाचवण्याचं कमी आणि माघ ते ज्येष्ठ वजाबाकी करण्याचं जास्त. म्हणून खळ्यावर साप दिसला नाही याचं दुःख करण्यापेक्षा उन्हाळ्यात मारला नाही तर बरं.

भक्षकावर सगळं फिरतं असे प्रदेश आहेत, पण ते इथून फार लांब. चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९२४ साली नॉर्वेच्या लेमिंग नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांच्या चढउताराकडे लक्ष वेधलं: दर तीन-चार वर्षांनी संख्या शिगेला पोचते आणि कोसळते. उत्तरेकडच्या बर्फात वीझल नावाचा सडपातळ शिकारी बर्फाखालच्या बोगद्यातही शिरतो आणि त्याचं पोट जवळपास याच उंदरांवर. उंदीर वाढले की तो वाढतो, पण उशिरानं. तो भरात येतो तेव्हा उंदीर उतरणीला लागलेले असतात आणि तो त्यांना आणखी खाली ढकलतो. या उशिरामुळेच चक्र फिरत राहतं, असं तिथल्या अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. आपल्याकडे कोल्हा उंदीर नसला तर बोरं खातो, घुबड चिचुंद्रीवर आणि वटवाघळावर भागवतं. असे खाणारे संख्या फार वर जाऊ देत नाहीत आणि फार खालीही ढकलत नाहीत. त्यामुळे इथे घड्याळासारखं चक्र शोधू नये. इथे घड्याळ पावसाचं, आणि ते बिघडलेलं.

बांबूचं मात्र स्वतःचं घड्याळ असतं. मिझोरामातला मेलोकाना बांबू सुमारे ४८ वर्षांनी एकाच वेळी फुलतो, पेरूएवढी मांसल फळं जमिनीवर खच होऊन पडतात. १९५९ च्या सुमाराला आणि पुन्हा २००६ ते २००८ या काळात तिथे उंदरांचा पूर आला. यंत्रणा वर सांगितलेलीच: अन्न आटायच्या महिन्यांत आटलंच नाही, त्यामुळे विणी चालू राहिल्या. फळं संपली तेव्हा भात पोटरीत होता. १९७६ साली डॅनिएल जान्झेन या अमेरिकी शास्त्रज्ञानं मांडलं होतं की एवढं बी एकदम टाकणं ही बांबूचीच युक्ती आहे; खाणाऱ्यांची पोटं भरूनही काही बी रुजायला उरावं. आपल्याकडचा मानवेल काही दशकांनी फुलतो, बी गव्हाच्या दाण्यासारखं बारीक, कधी डोंगरच्या डोंगर एकदम तर कधी चार बेटं इकडे, चार तिकडे. तुरळक फुलला तर काही होत नाही. सरसकट फुलला तर पुढच्या पिकाला सावध राहावं. कारवी या झुडपाचा सात वर्षांचा फुलोरा ही त्यामानानं लहान घटना. ती फुलली की कॅमेरे येतात. बोंडं मात्र पुढच्या उन्हाळ्यात वाळून तडतडतात, म्हणजे बी जमिनीवर पडतं ते नेमकं उपासाच्या दिवसांत. तिच्यामुळे मिझोरामसारखं काही होईल अशी भीती कुणी घालू नये.

जुन्या लोकांना ही साखळी ठाऊक नव्हती असं नाही. इतींच्या, म्हणजे पिकांवरच्या संकटांच्या यादीत अतिवृष्टी, अनावृष्टी, टोळ, उंदीर, पोपट एकाच श्लोकात मांडीला मांडी लावून बसले आहेत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर पाऊस परतला आणि १८७८-७९ मध्ये दख्खनच्या अनेक जिल्ह्यांत उंदरांचा सुळसुळाट झाला. दुष्काळात उंदीरही मेले असणार. पण पडीक राहिलेल्या रानात नांगर फिरला नव्हता, बिळं शाबूत होती, आणि पाऊस आल्यावर खायला वाटेकरी कमी होते. कमी संख्या, भरपूर अन्न आणि लांबलेला हंगाम, याहून उंदराला आणखी काय हवं?

मोजायचं कसं, यात खरी खोच आहे. रानात पत्र्याचे घडीचे शर्मन सापळे लावतात: दहा ओळी, दहा रांगा, दर दहा मीटरला एक. आमिष म्हणून शेंगदाण्याचा कूट तेलात मळून, नाहीतर भाजलेलं खोबरं. सुकटीनं उंदीर येतात पण त्याआधी मुंग्या येतात, आणि मुंग्या अडकलेल्या पिल्लाला जिवंत सोडत नाहीत. सापळा संध्याकाळी उघडायचा, सकाळी ऊन चढायच्या आत बंद करायचा. पत्रा तापला की आतला जीव अर्ध्या तासात जातो. थंडीत आत कापूस, पावसात वर पानांचा आडोसा. पहिले दोन दिवस सापळे नुसते उघडे बांधून आमिष ठेवावं, नाहीतर नव्या वस्तूला बिचकणारे उंदीर मोजणीतून सुटतात. चांदण्या रात्री टाळाव्यात, उघड्या रानात उंदीर बाहेर कमी पडतो आणि संख्या घटल्याचा भास होतो. वनखात्याची परवानगी लागते ती वेगळीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उंदीर कावळ्याबरोबर उपद्रवींच्या पाचव्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढली. पण जंगलात शिरून सापळे लावायला मोकळीक तेव्हाही नव्हती.

समजा पहिल्या फेरीत २४ पकडले, खूण करून सोडले. दुसऱ्या फेरीत २० सापडले, त्यात खुणेचे ८. दुसऱ्या फेरीत खुणेच्यांचं जे प्रमाण दिसलं तेच सगळ्या रानात धरायचं: चोवीस गुणिले वीस भागिले आठ, म्हणजे ६०. लहान आकड्यांसाठीची दुरुस्ती लावली की ५७. इथवर सगळे येतात. पुढे घोटाळा होतो. सापळ्यांचा चौकोन ९० मीटर बाय ९० मीटर, म्हणजे ०.८१ हेक्टर, ५७ ला त्यानं भागलं की हेक्टरी ७०. पण कडेच्या सापळ्यात बाहेरचेही उंदीर येतात. त्यांच्या फिरण्यासाठी चारी बाजूंनी १५ मीटर पट्टा धरला तर क्षेत्र १.४४ हेक्टर होतं आणि घनता ४०. तेच उंदीर, तेच सापळे, आणि आकड्यात जवळपास दुपटीचा फरक. "यंदा उंदीर दुप्पट" अशी बातमी वाचताना मोजणी कुठली आणि पट्टा किती धरला, हे आधी विचारावं.

शेताच्या बांधाला इतका खटाटोप लागत नाही. संध्याकाळी दिसतील तेवढी बिळं चिखलानं बुजवायची, सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत. घूस स्वतःच बिळाचं तोंड आतून मातीनं बंद करते, म्हणून तिच्यासाठी उलटं: ताज्या मातीचे ढीग मोजायचे. एका बिळाला चार-चार तोंडं असू शकतात हे लक्षात ठेवलं नाही तर हिशेब चौपटही फुगतो.

विषाचं वेळापत्रकही यावरूनच ठरायला हवं, आणि बहुतेक ठिकाणी ते उलटं असतं. पीक तोंडाशी आल्यावर, म्हणजे संख्या शिगेला असताना, झिंक फॉस्फाईडची आमिषं टाकली जातात. शंभरातले साठ मेले तरी उरलेल्यांना अन्न आणि जागा अडीचपट मिळते, शेजारच्या बांधावरून नवे येतात, आणि ज्यांनी थोडंसं चाखून पोटदुखी सोसली ते पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाहीत. ९६ भाग भरडलेलं धान्य, २ भाग तेल, २ भाग औषध हे मिश्रण खरं तर वैशाखात वापरायचं. आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष देऊन, मग बिळाच्या आत खोल, आणि गावातल्या सगळ्या बांधांवर एकाच आठवड्यात. सकाळी उरलेलं आणि मेलेलं सगळं गोळा करून पुरायचं, कारण मेलेला उंदीर घुबडानं किंवा कुत्र्यानं खाल्ला की वजाबाकी करणाराच वजा होतो. रानाच्या हद्दीत तर विष नेऊच नये. तिथले काटेरी केसांचे उंदीर आणि झाडउंदीर कुणाच्या भाताला गेलेले नसतात.

द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्या कुरतडल्याची तक्रार हीही वैशाखातलीच. उंदीर तिथे पाण्यासाठी येतो, प्लास्टिकच्या चवीसाठी नव्हे. कडेला दोन-तीन ठिकाणी मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवलं की नळ्यांचं नुकसान कमी होतं, पण उन्हाळा तगून जाणारे उंदीर वाढतात. दोन्ही एकदम मिळत नाही. बागाईतदारानं कुठला खर्च परवडतो ते बघावं.

मोजणी वर्षातून एकदाच जमणार असेल तर ती वैशाखी अमावास्येच्या आसपास करावी: चांदणं नाही, पाऊस नाही, बिळं उघडी दिसतात आणि पिल्लं नसल्यामुळे दिसतात ते बहुतेक प्रौढ. त्याच बांधाचा, तेवढ्याच लांबीचा आकडा, सोबत वणवा लागला होता का आणि मागचं रान कुठल्या आठवड्यात वाळलं याची नोंद. पाच-सहा वर्षांच्या अशा नोंदी एका वहीत झाल्या की कार्तिकात किती उंदीर येणार हे ऑगस्टातच बऱ्यापैकी सांगता येतं. मग परतीचा पाऊस किती लांबतो एवढंच बघायचं राहतं.